मैदानावरील क्षण आणि कचेरींतील सौदे

कोणत्याही धंदेवाईक खेळाचा इतिहास दोन जागीं लिहिला जातो. एक मैदानावर, हजारों प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. दुसरा मालकाच्या कचेरींत, दार लावून. पहिल्या इतिहासांत खेळाडू हा नायक असतो. दुसऱ्यांत तो खतावणींतील एक नोंद असतो. अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत १९४६ ते १९६० या पंधरा वर्षांत हे दोन्ही इतिहास एकमेकांत असे कांहीं गुंतले कीं, एकाचा धागा ओढावा तों दुसरा हातीं यावा. त्या धाग्यांपैकीं कांहींचा येथें परामर्श घ्यावयाचा आहे.

क्रिकेट जाणणाऱ्या श्रोत्यास बेसबॉल समजण्यास फारसा वेळ लागत नाहीं. दोन्ही बाजूंस नऊ नऊ गडी, नऊ डाव, आणि तीन गडी बाद झाले कीं बाजू पालटते. मैदानावर एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात, एकापासून दुसरें नव्वद फुटांवर. गोलंदाज साठ फूट सहा इंचांवरून, टप्पा न पाडतां, चेंडू थेट फलंदाजाकडे फेंकतो. फलंदाज गोल दांडक्यानें तो टोलवितो आणि ठाण्यामागून ठाणें गांठीत मूळ जागीं परत आला म्हणजे एक धांव होते. चेंडू कुंपणापलीकडे गेला तर फलंदाज व त्याच्यापुढें ठाण्यांवर उभे असलेले सारे गडी सावकाश घरीं येतात; याला होम रन म्हणतात. त्या काळीं नॅशनल व अमेरिकन अशा दोन लीग होत्या व प्रत्येक लीगमध्यें आठ संघ होते. एप्रिलपासून सप्टेंबरअखेर प्रत्येक संघ १५४ सामने खेळे, आणि दोन्ही लीगांचे विजेते ऑक्टोबरांत सात सामन्यांच्या 'वर्ल्ड सीरिज'मध्यें एकमेकांशीं झुंजत. जो चार सामने जिंकी, तो त्या वर्षाचा जगज्जेता ठरे.

हा झाला मैदानावरचा कायदा. कचेरींतला कायदा याहून सोपा होता. प्रत्येक खेळाडूच्या करारपत्रांत एक कलम असे. त्याच्या आधारानें मुदत संपतांच मालक तोच करार आपल्या मर्जीनें पुन्हां चालू करूं शके. आणि हा हक्क कधींच संपत नाहीं, असा त्या कलमाचा अर्थ मालकांनीं लाविला होता. म्हणजे एकदां सही केली कीं खेळाडूस दुसऱ्या संघाकडे जाण्याची मुभा नाहीं. मालकास मात्र त्याला विकण्याची, बदलून देण्याची अथवा काढून टाकण्याची पूर्ण मोकळीक. १९२२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे असा निर्णय दिला, आणि मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर हा धंदा राहिला. १९५३ सालीं तोच निर्णय पुन्हां कायम झाला.

या कायद्याचें रूप एका उदाहरणावरून स्पष्ट होतें. डेट्रॉइटचा हँक ग्रीनबर्ग महायुद्धांत लष्करी नोकरी बजावून परत आला आणि १९४६ सालीं त्यानें ४४ होम रन मारून अमेरिकन लीगमध्यें पहिला क्रमांक पटकाविला. पुढच्याच जानेवारींत तो मोटारींतून जात असतां रेडिओवर बातमी लागली कीं, त्याला पिट्सबर्गच्या संघाच्या हवालीं करण्यांत आलें आहे. स्वतःची विक्री झाल्याचें वर्तमान त्याला लाखों श्रोत्यांबरोबरच कळलें.

त्याच १९४७ च्या हंगामांत ब्रुकलिनच्या डॉजर्स संघांतून जॅकी रॉबिन्सन मैदानांत उतरला, आणि कृष्णवर्णीयांस मोठ्या लीगांची दारें बंद ठेवणारी, साठ वर्षांहून जुनी अलिखित बंदी १५ एप्रिल रोजीं मोडली. त्या वर्षीं वर्ल्ड सीरिजमध्यें ब्रुकलिनची गांठ न्यूयॉर्कच्या यांकी संघाशीं पडली. चौथ्या सामन्यांत, ३ ऑक्टोबर रोजीं, यांकींचा गोलंदाज बिल बेव्हन्स यानें नवव्या डावांत दोन गडी बाद होईपर्यंत ब्रुकलिनच्या एकाही फलंदाजास सरळ टोला मारूं दिला नव्हता. त्याचा नेम मात्र चुकत होता. चार चुकीचे चेंडू पडले म्हणजे फलंदाजास पहिलें ठाणें फुकट मिळतें, आणि अशीं दहा ठाणीं त्यानें त्या दिवशीं बहाल केलीं. तरीही यांकींकडे २-१ अशी आघाडी होती. अखेरच्या क्षणीं ठाण्यांवर ब्रुकलिनचे दोन गडी होते. त्यांतील एक, अल जिओन्फ्रीडो, दुसऱ्याच्या बदलीं केवळ धांवण्यासाठीं आलेला, व दुसरें ठाणें चोरून बसलेला. कुकी लाव्हाजेटो हा प्रौढ खेळाडूही बदली फलंदाज म्हणूनच आला. त्यानें टोलविलेला चेंडू उजव्या बाजूच्या भिंतीवर आदळला, दोन्ही गडी घरीं आले, आणि बेव्हन्सच्या हातून विक्रम व सामना हीं दोन्ही एकाच टोल्यानें गेलीं.

दोन दिवसांनीं, सहाव्या सामन्यांत, जिओन्फ्रीडोवर दुसरी कामगिरी येऊन पडली. हा ठेंगणा खेळाडू त्याच वर्षीं मे महिन्यांत पिट्सबर्गकडून ब्रुकलिनला आला होता. त्या सौद्यांत ब्रुकलिननें पांच खेळाडू दिले व बदल्यांत हा एक गडी आणि मोठी रोख रक्कम घेतली. पैशाची पिशवी वाहून आणण्यापुरताच त्याला सौद्यांत घातला असावा, अशी थट्टा त्या वेळीं झाली. ब्रुकलिन ८-५ असें पुढें असतां, ठाण्यांवर दोन यांकी उभे असतां, थोर फलंदाज ज्यो डिमॅजिओ यानें चेंडू डावीकडच्या दूरच्या कुंपणाकडे भिरकावला. तो पलीकडे जाता तर धांवा बरोबरीच्या झाल्या असत्या. जिओन्फ्रीडो पाठमोरा धांवत गेला आणि कुंपणाशीं, ४१५ फुटांच्या खुणेजवळ, हात लांबवून त्यानें तो झेलला. भावना कधीं चेहऱ्यावर न दाखविणाऱ्या डिमॅजिओनें दुसऱ्या ठाण्याजवळ पायानें माती उडविली, एवढीच त्याची हळहळ लोकांना दिसली. यांकींनीं पुढें मालिका जिंकली. परंतु खरी विलक्षण गोष्ट अशी कीं, बेव्हन्स, लाव्हाजेटो व जिओन्फ्रीडो या तिघांपैकीं एकही त्या मालिकेनंतर मोठ्या लीगांत पुन्हां खेळला नाहीं. ज्यांचीं नांवें त्या आठवड्यांत घरोघरीं झालीं, त्यांना पुढच्या हिशेबांत जागा उरली नाहीं.

चार वर्षांनीं, १९५१ सालीं, न्यूयॉर्कचा जायंट्स संघ ऑगस्टमध्यें ब्रुकलिनच्या मागें तेरा सामने पडला होता. लोकांनीं त्याची आशा सोडली होती. पण एकामागून एक सामने जिंकीत त्यानें हंगामाच्या शेवटीं बरोबरी गांठली, आणि नॅशनल लीगचा निकाल तीन जादा सामन्यांवर आला. तिसरा सामना ३ ऑक्टोबर रोजीं पोलो ग्राउंड्स मैदानावर झाला. नवव्या डावाच्या आरंभीं जायंट्स १-४ असे मागें. एक धांव झाली. ठाण्यांवर दोन गडी. ब्रुकलिननें थकलेला गोलंदाज काढून राल्फ ब्रँका यास आणिलें. त्याचा दुसरा चेंडू बॉबी टॉम्सननें डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे धाडला, आणि जायंट्स ५-४ नें विजयी झाले. रेडिओवर वर्णन करणारा रस हॉजेस जायंट्स जिंकल्याचें एकच वाक्य पुनः पुन्हां ओरडत राहिला. त्याला दुसरे शब्द सुचेनात. त्या वेळीं टॉम्सनच्या मागून खेळण्यास सज्ज उभा होता वीस वर्षांचा विली मेज.

या टोल्यास पुढें एक शेपूट फुटलें. पोलो ग्राउंड्सच्या मध्यक्षेत्रामागील इमारतींतून दुर्बिणीनें प्रतिपक्षाच्या गुप्त खुणा पाहून जायंट्स त्या आपल्या फलंदाजांस कळवीत असत, हें २००१ सालीं सविस्तर उघडकीस आलें. विशिष्ट चेंडूची खूण आपल्याला मिळाली नव्हती, असें टॉम्सनचें म्हणणें होतें. तथापि टॉम्सन व ब्रँका यांचें वैर कधींच झालें नाहीं. दोघे वार्धक्यापर्यंत एकत्र समारंभांना जात, एकाच छायाचित्रावर सह्या करीत. एका चेंडूनें दोघांचीं आयुष्यें एकमेकांस बांधलीं होतीं, आणि ही गांठ सोडविण्याचा अधिकार कोणत्याही मालकास नव्हता.

टॉम्सनला मात्र मालकांनीं सोडलें. १ फेब्रुवारी १९५४ रोजीं त्याला मिलवॉकीस देऊन जायंट्सनीं जॉनी अँटोनेली हा तरुण डावखुरा गोलंदाज मुख्यतः मिळविला. दोन वर्षांपूर्वीं ज्याला खांद्यावर घेऊन नाचले, त्याची ही पाठवणी न्यूयॉर्ककरांस रुचली नसल्यास नवल नाहीं. पण या एका सौद्याचीं दोन फळें निघालीं. मिलवॉकीस गेल्यावर सरावाच्या सामन्यांतच टॉम्सनचा घोटा मोडला, आणि त्याच्या रिकाम्या जागीं हेन्री ॲरन नांवाच्या वीस वर्षांच्या मुलास उभें करण्यांत आलें. या मुलानें पुढें ७५५ होम रन मारले व बेब रूथचा ७१४ चा उच्चांक १९७४ सालीं मागें टाकिला. इकडे अँटोनेलीनें पहिल्याच वर्षीं २१ सामने जिंकून दिले आणि जायंट्स वर्ल्ड सीरिजमध्यें पोहोंचले.

तेथें त्यांची गांठ क्लीव्हलंडशीं होती. या संघानें १५४ पैकीं १११ सामने जिंकले होते; त्याच्यापुढें जायंट्सचा टिकाव लागेल असें फार थोड्यांस वाटत होतें. पहिला सामना २९ सप्टेंबर १९५४ रोजीं पोलो ग्राउंड्सवर झाला. हें मैदान विचित्र घडणीचें होतें. दोन्ही कडांची कुंपणें जवळ, उजवी कड तर २६० फुटांच्याही आंत. मध्यभागाची भिंत मात्र ४८० फुटांच्या पलीकडे. आठव्या डावांत धांवा २-२. क्लीव्हलंडचे दोन गडी ठाण्यांवर, एकही बाद नाहीं. व्हिक वर्ट्झनें चेंडू मध्यभागाकडे असा हाणला कीं, दुसऱ्या बहुतेक मैदानांवर तो कुंपणापलीकडे गेला असता. विली मेज टोल्याचा आवाज होतांच वळला आणि चेंडूकडे पूर्ण पाठ करून धांवत सुटला. फलंदाजापासून सुमारें ४५० फुटांवर, खांद्यावरून येणारा चेंडू त्यानें दोन्ही हातांच्या ओंजळींत घेतला. झेल घेऊन तो थांबला नाहीं. त्याच पावलीं गर्रकन् फिरून, टोपी उडून गेली असतां, त्यानें चेंडू आंत फेंकला. दुसऱ्या ठाण्यावरील लॅरी डोबी तिसऱ्यापर्यंतच जाऊं शकला. दुसरा गडी जागचा हलला नाहीं. त्या डावांत क्लीव्हलंडला एकही धांव मिळाली नाहीं.

पुढें दहाव्या डावांत जायंट्सच्या डस्टी ऱ्होड्सनें उजव्या कडेनें चेंडू उंच उडविला. तो जेमतेम २६० फूट गेला, पण कुंपण तेथेंच होतें. तीन धांवा झाल्या, आणि सामना ५-२ असा संपला. साडेचारशें फुटांचा टोला बाद आणि दोनशें साठ फुटांचा टोला विजयी, असा न्याय त्या मैदानानें त्या दिवशीं दिला. दुसरा सामना अँटोनेलीनें जिंकून दिला, आणि क्लीव्हलंडचा बलाढ्य संघ चारही सामने हरून घरीं गेला.

सौदा किती दूरवर फळ देतो, याचें याहूनही नवलपूर्ण उदाहरण डॉन लार्सन याचें. १९५४ सालीं बाल्टिमोरकडून खेळतांना या गोलंदाजानें ३ सामने जिंकले व २१ हरले. असा माणूस कोणाला हवासा वाटणार? पण त्या हिंवाळ्यांत यांकी व बाल्टिमोर यांच्यांत सतरा खेळाडूंची प्रचंड अदलाबदल झाली, तींत लार्सन न्यूयॉर्कला आला. १९५६ च्या वर्ल्ड सीरिजमध्यें ब्रुकलिनविरुद्ध दुसऱ्या सामन्यांत तो दुसऱ्याच डावांत मैदानाबाहेर काढला गेला. सहा धांवांची आघाडीही त्याला राखतां आली नव्हती. तीन दिवसांनीं, ८ ऑक्टोबर रोजीं, पांचवा सामना पुन्हां त्याच्याच हवालीं झाला. सत्तावीस फलंदाज आले आणि सत्तावीस बाद होऊन गेले. एकाचेंही पाऊल पहिल्या ठाण्यावर टिकलें नाहीं. दुसऱ्या डावांत जॅकी रॉबिन्सनचा एक जोरकस टोला तिसऱ्या ठाण्यावरील रक्षकाच्या हातावरून उडून शेजारच्याच्या हातांत गेला व रॉबिन्सन अगदीं थोडक्यांत बाद झाला; पांचव्यांत मिकी मँटलनें धांवत जाऊन दूरवरचा एक झेल घेतला. सत्त्याण्णवावा चेंडू पडला, पंचानें शेवटचा गडी बाद दिला, आणि यष्टिरक्षकाच्या जागीं असणारा योगी बेरा धांवत येऊन लार्सनच्या अंगावर चढला. वर्ल्ड सीरिजमध्यें एकट्या गोलंदाजानें असा निर्दोष सामना टाकिल्याचें आजवर हें एकच उदाहरण आहे.

तीन वर्षांनीं, डिसेंबर १९५९ मध्यें, यांकींनीं लार्सनला कॅन्सस सिटीच्या संघास देऊन टाकिलें. त्याच सौद्यांत तिकडून आला रॉजर मॅरिस. आणि १ ऑक्टोबर १९६१ रोजीं मॅरिसनें एका हंगामांतील आपला ६१ वा होम रन मारून बेब रूथचा १९२७ सालचा ६० चा उच्चांक मोडिला. अशा रीतीनें लार्सनच्या येण्यानें एक चमत्कार घडला, आणि जाण्यानें दुसरा.

परंतु सर्वच खेळाडू मुकाट्यानें गाडींत बसले नाहींत. लार्सनच्या त्या सामन्यानंतर दोनच महिन्यांनीं, १३ डिसेंबर १९५६ रोजीं, ब्रुकलिननें जॅकी रॉबिन्सनचा सौदा केला. आणि तोही वर्षानुवर्षें ज्यांच्याशीं हाडवैर, त्या जायंट्सशीं. एक गोलंदाज आणि थोडी रोख रक्कम, एवढें या पुरुषाचें मोल ठरलें. ज्यानें दहा वर्षें शिव्याशाप गिळून साऱ्या खेळाचें तोंड उजळ केलें, त्यालाही त्या कलमांतून सवलत नव्हती. सुदैवानें रॉबिन्सननें आधींच कॉफीच्या एका कंपनींत मोठ्या हुद्द्याची नोकरी धरली होती. त्यानें खेळांतून निवृत्ति जाहीर केली आणि सौदा रद्द झाला. खेळाडूच्या हातीं जें एकच शस्त्र होतें, खेळ सोडून देणें, तें त्यानें वापरलें.

एका वर्षानें सौद्यांची लाट प्रेक्षकांवरही आली. १९५७ चा हंगाम संपल्यावर डॉजर्स व जायंट्स हे दोन्ही संघ न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियास गेले. ब्रुकलिनचें एबेट्स फील्ड १९६० सालीं व पोलो ग्राउंड्स १९६४ सालीं जमीनदोस्त झालें. ज्या गवतावर मेजनें तो झेल घेतला, त्या जागीं आज राहत्या घरांच्या उंच इमारती आहेत.

१९६० सालानें या दोन्ही इतिहासांचे दोन नमुने पुढें ठेविले. हंगामाच्या तोंडावर, १७ एप्रिल रोजीं, क्लीव्हलंडच्या फ्रँक लेन या कारभाऱ्यानें शहराचा लाडका रॉकी कोलाव्हिटो डेट्रॉइटला दिला आणि बदल्यांत हार्वे क्यून घेतला. आदल्या वर्षीं कोलाव्हिटोनें ४२ होम रन मारून लीगमध्यें पहिला मान विभागून घेतला होता. क्यून हा फलंदाजीच्या सरासरींत पहिला होता. कागदावर सौदा समतोल होता. पण शहराच्या मनांत तसा नव्हता. लेनची हौस एवढ्यावर भागली नाहीं. ऑगस्टमध्यें त्यानें डेट्रॉइटशीं चक्क संघाच्या व्यवस्थापकांचीच अदलाबदल केली. वर्षअखेर क्यूनही दुसरीकडे गेला. त्यानंतर १९९५ पर्यंत क्लीव्हलंडला अंतिम फेऱ्यांचें तोंड दिसलें नाहीं, आणि त्या दुर्दैवाचें खापर लोक पिढ्यान् पिढ्या या सौद्यावर फोडीत राहिले.

दुसरा नमुना १३ ऑक्टोबरचा. पिट्सबर्ग व यांकी यांच्यांतील सातवा सामना नवव्या डावांत ९-९ असा अडला होता. सात सामन्यांत मिळून यांकींनीं ५५ धांवा केल्या होत्या, पिट्सबर्गनें अवघ्या २७. शेवटची, सत्ताविसावी, बिल मॅझेरोस्कीची. फलंदाजीपेक्षां क्षेत्ररक्षणासाठींच ज्याची ख्याति, त्या या गड्यानें चेंडू डाव्या भिंतीपलीकडे पाठविला आणि टोपी हातांत फिरवीत तो ठाण्यांभोंवतीं धांवला. वर्ल्ड सीरिजचा निकाल शेवटच्या सामन्यांत होम रननें लागण्याचा तो पहिलाच प्रसंग. मॅझेरोस्की सतरा हंगाम खेळला. सारे एकट्या पिट्सबर्गकडून. त्याचा सौदा कधींच झाला नाहीं.

ज्यांचे झाले, त्यांचा प्रश्न मात्र उरला होता. तो सेंट लुईच्या कर्ट फ्लड यानें हातीं घेतला. बारा हंगाम त्या संघांत काढल्यावर ऑक्टोबर १९६९ मध्यें त्याला फिलाडेल्फियास देण्यांत आलें. २४ डिसेंबर रोजीं त्यानें बेसबॉलच्या आयुक्तास पत्र लिहून कळविलें कीं, आपल्या इच्छेची पर्वा न करतां खरेदी-विक्री करावी अशी आपण मालमत्ता नाहीं. खटला उभा राहिला. ज्यांच्या बाजूनें खेळाडूंचें हित होतें, त्या खटल्यांत तत्कालीन खेळाडूंपैकीं एकही साक्षीस आला नाहीं. आले ते जुने: हँक ग्रीनबर्ग आणि जॅकी रॉबिन्सन. ज्यानें आपली विक्री रेडिओवर ऐकली आणि ज्यानें सौद्यापेक्षां निवृत्ति पत्करली, ते दोघे एका तिसऱ्यासाठीं न्यायालयांत उभे राहिले.

१९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ३ मतांनीं फ्लडच्या विरुद्ध निकाल दिला. निकालपत्राच्या आरंभीं बेसबॉलचें गुणगान आहे आणि ऐंशींहून अधिक जुन्या खेळाडूंच्या नांवांची यादीही आहे. ज्याचा खटला होता, त्याला मात्र न्यायासाठीं कायदेमंडळाकडे बोट दाखविण्यांत आलें. फ्लडचा खेळ तोंवर संपला होता. तीन वर्षांनीं, डिसेंबर १९७५ मध्यें, अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅक्नॅली या दोन गोलंदाजांच्या प्रकरणीं लवाद पीटर सेट्झ यानें त्या जुन्या कलमाचा सरळ अर्थ लाविला: करार एकदांच, एका वर्षापुरता वाढवितां येतो, त्यानंतर खेळाडू मोकळा. साऱ्या इमारतीचा पाया या एका वाक्यानें सुटला.

सौदे त्यानंतरही थांबले नाहींत, आजही होतात. पण ठराविक वर्षें खेळलेल्या माणसास आतां आपलें घर निवडण्याचा हक्क आहे, आणि दहा वर्षें मोठ्या लीगांत व त्यांतील शेवटचीं पांच एकाच संघांत काढलेल्यास आपल्या सौद्यास नकार देतां येतो. फ्लड १९९७ सालीं वारला. पुढच्याच वर्षीं अमेरिकन कायदेमंडळानें मोठ्या लीगांतील खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचें संरक्षण देणारा कायदा केला आणि त्याला कर्ट फ्लडचें नांव दिलें. मेजच्या झेलाचें चित्र अमेरिकेंत शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. फ्लडच्या पत्राचें तसें चित्र निघालें नाहीं. परंतु त्यानंतर मैदानावर उतरलेला प्रत्येक खेळाडू आपल्या करारपत्रावर सही करतांना, जाणतां किंवा अजाणतां, त्या पत्राखालीं सही करीत आला आहे.